जिभेला झालं होतं, मग मान का कापली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. महाद्वार रोडवर, लग्नकार्यात, रंकाळ्यावर फिरताना पदर जरा सरकला की कानाखालून हनुवटीकडे आलेला व्रण दिसतो, आणि प्रश्न येतोच, "तुमचं जिभेला होतं ना? मग मान का कापली?"

ऑपरेशनआधी आमच्या घरच्यांनीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. माझ्या जिभेच्या डाव्या कडेला चट्टा होता. वीस वर्षांची मिसरी. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आम्हा बायकांच्या ध्यानीमनीही नसतं. चट्टा तीन आठवड्यांत बरा होईना, तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. मानेत मात्र हाताला काहीच लागत नव्हतं. "गाठ नाही तर उगाच मान कशाला उघडायची?" असं आमचे थोरले दीर म्हणाले. त्यांचा जीव तुटत होता म्हणूनच म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. जिभेतल्या लसवाहिन्या, म्हणजे लसिका नावाचा पातळ द्रव नेणाऱ्या बारीक नळ्या, जबड्याखालच्या, मग मानेच्या वरच्या आणि मधल्या गाठींत उतरतात. या बारीक गाठी सगळ्यांनाच असतात, एरवी हाताला लागत नाहीत; मान उघडून त्याच काढतात. कॅन्सरच्या पेशीही बहुधा त्याच वाटेनं जातात, आणि सुरुवातीला इतक्या थोड्या असतात की बोटाला कळत नाहीत, सोनोग्राफीतही चुकतात. हाताला गाठ न लागणाऱ्या शंभर जणांतल्या वीस-तीस जणांच्या मानेत त्या लपलेल्या असतात.

आपण कोल्हापूरकर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ वर धोका. नदीकाठच्या सुतारमळ्यातली माणसं ४३ ची वाट बघत बसतात का? दारात पाणी दिसायच्या आधीच सामान हलतं. माझ्या मनातली शंका हे आठवल्यावर मिटली.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. सुरुवातीचा तोंडाचा कॅन्सर, मानेत गाठ नाही, असे ५०० रुग्ण. काहींच्या मानेचं ऑपरेशन तोंडाबरोबरच केलं, काहींचं मानेत गाठ उठल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के हयात होते, दुसऱ्यात ६७.५. हे २०१५ साली छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं.

माझ्या मानेतून निघालेल्या गाठींपैकी एकीत कॅन्सर सापडला. ज्वारीच्या दाण्याएवढा. पुढे शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, तीस बैठका झाल्या. दीर रिपोर्ट हातात धरून बराच वेळ गप्प बसले होते.

त्रास झाला, तो लपवत नाही. खांद्याची नस ताणली गेल्यानं कित्येक महिने दोरीवर कपडे वाळत घालता येत नव्हते. व्यायाम नेटानं केला, आता हात वर जातो. ओठाचा डावा कोपरा अजून किंचित वाकडा आहे.

आपल्याकडे मानेत गाठ आली की "अवधान असेल", म्हणजे जखमेमुळे सुजलेली गाठ असेल, म्हणून सोडून देतात. अवधान दुखतं आणि जखम भरली की जिरतं. न दुखणारी, टणक, वाढत जाणारी गाठ दिसली तर एक दिवसही घरी बसू नका. तोंडात चट्टा असेल तर गाठीची वाटच बघू नका.

तपासणीला जाते तेव्हा डॉक्टर दोन्ही बाजूंची मान चाचपतात, कारण जिभेची वाट कधी पलीकडेही जाते. कोणी बाई फारच काळजीनं विचारू लागली, की मी तिची बोटं धरून तिच्याच जबड्याखाली ठेवते आणि सांगते, इथून खाली, हळूहळू, दोन्हीकडं बघ.