पेनांग: जहाजातून उतरा आणि चालत सुटा

क्रूझच्या वेळापत्रकात ‘बँकॉक’ छापलेलं असलं तरी मोठं जहाज लागतं लाएम चाबांग बंदराला, आणि तिथून शहर गाठेपर्यंत बसमध्ये दोनेक तास मोडतात. मलेशियातल्या पेनांग बेटावर ही भानगड नाही. स्वेटनहॅम पिअर या धक्क्याच्या इमारतीतून बाहेर पडलं की समोर बेटावरचं जुनं शहर, जॉर्जटाउनच. म्हणून सिंगापूरहून कोलंबोकडे जाताना ज्यांना पेनांग लागणार आहे, त्यांना पहिलं सांगणं हे, की इथे जहाजाची सहल विकत घेऊ नका. जुनं शहर पायी फिरण्याजोगं आहे, आणि चाळीस जणांच्या मागे झेंडा बघत फिरण्यात त्याची मजा जाते.

दुसरं, टेकडी की शहर हे आदल्या रात्रीच ठरवा. पेनांग हिल ८३३ मीटर उंच आहे. वर नेणारी रेल्वे १९२३ पासूनची, डबे अर्थात नवे. जवळच केक लोक सीचं भव्य बौद्ध मंदिर आहे. जेटीजवळच्या बसस्थानकावरून २०४ नंबरची बस तिकडे जाते, ग्रॅब या अ‍ॅपवरून टॅक्सीही सहज मिळते. पण खालच्या स्टेशनवरची रांग आणि परतीचा ट्रॅफिक धरला तर दिवस तिथेच संपतो. आम्ही शहर निवडलं.

पिअरबाहेर पहिला भेटतो व्हिक्टोरिया राणीचा घड्याळाचा मनोरा. तिच्या राज्याला साठ वर्षं झाली त्याची आठवण म्हणून साठ फूट उंच, प्रत्येक वर्षाला एक फूट! शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस. शाळेत ‘कायमधारा’ पाठ करून घेणारा तोच हा कॉर्नवॉलिस. १७८६ साली फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट ताब्यात घेतलं, तेव्हा जंगल लवकर तोडलं जावं म्हणून तोफेत चांदीची नाणी भरून झाडीत उडवली, असं सांगतात. किल्ल्यावर लढाई कधी झालीच नाही. गड-किल्ले बघितलेल्या माणसाला आत बघण्यासारखं फारसं नाही, बाहेरून फोटो काढा आणि पुढे व्हा.

खरा ऐवज आहे तो मशीद कपितान केलिंग नावाच्या रस्त्यावर. एका टोकाला १८१८ चं पांढरंशुभ्र सेंट जॉर्ज चर्च, थोडं पुढे क्वान यिन देवीचं चिनी देऊळ, मग मरिअम्मन या तमिळ देवीचं देऊळ आणि शेवटी १८०१ मध्ये भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारलेली मशीद. चिनी देवळाच्या अंगणात पुरुषभर उंचीच्या, मनगटाहून जाड उदबत्त्या जळत असतात, त्यावर ड्रॅगन कोरलेले. धुराने डोळे चुरचुरतात, तरी पाय निघत नाही. मरिअम्मनच्या देवळाची (१८३३) मात्र या रस्त्यावर पाठ आहे. गोपूर बघायचं तर मागच्या क्वीन स्ट्रीटवर जावं लागतं. तिथे सकाळीच जा, देवळं दुपारी बंद असतात. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून जाता येतं, अंगभर कपडे हवेत.

क्वीन स्ट्रीटवर आलात की तुम्ही लिटल इंडियातच असता. मोगऱ्याचे गजरे, कानठळ्या बसवणारी तमिळ गाणी, स्टीलच्या भांड्यांची दुकानं. हिंदीपेक्षा इंग्रजी जास्त चालते. जहाजावर पैसे बदलू नका, भाव वाईट मिळतो. इथे मनी चेंजर आहेत, थोडे रिंगिट (मलेशियाचं चलन) रोख घ्याच, कारण खाण्याच्या गाड्यांवर कार्डाचा भरवसा नाही.

शाकाहारी मंडळींनी जेवण इथेच उरकावं, केळीच्या पानावर भात-सांबार-पोरियल. बाहेर चिनी गाड्यांवर ‘व्हेज’ म्हटलं तरी बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, बहुतेक ठिकाणी असतेच, आणि ‘चार क्वे तियाव’ नावाच्या तांदळाच्या चपट्या नूडल्स बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. आमच्यासारख्या मासेखाऊंनी आसाम लाक्सा चुकवू नये: माशाचा आंबट-तिखट रस्सा आणि जाड तांदळाच्या शेवया. त्यावर उतारा म्हणून पेनांग रोडच्या गल्लीतला चेंडोल. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि ताडगूळ; मोदकाचं सारण कोणी थंडगार करून वाटीत ओतावं तशी चव.

उन्हाचा तडाखा मोठा आहे. जुन्या दुकानांपुढे पाच फुटी पडव्या आहेत, त्यांतून चालावं. पण मध्येच कोणाची स्कूटर, कोणाचा गॅस सिलिंडर, सारखं खाली-वर व्हावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी शहरात फिरणारी मोफत कॅट बस आहे. छत्री ऊन-पाऊस दोन्हींसाठी ठेवा, दुपारी पाऊस न सांगता येतो.

आर्मेनियन स्ट्रीटवर भिंतीला खरी सायकल जडवून काढलेलं दोन मुलांचं चित्र (२०१२) आहे, त्यापुढे फोटोची रांग. मला विचाराल तर तो वेळ जवळच्या खू कोंगसीला द्या. खू घराण्याची ही वास्तू. आधीची इतकी दिमाखदार होती की देवांनाच खपली नाही आणि १९०१ मध्ये जळाली, असा समज. म्हणून १९०६ मध्ये ‘जरा साधी’ बांधली. ती साधी बघून पहिलीचा अंदाज करावा! छतावरच्या रंगीत तुकड्यांच्या मूर्ती बघताना मान अवघडते. तिथून समुद्राकडे गेलं की च्यू जेटी, पाण्यात खांबांवर उभी घरं. लोक अजून राहतात, दारांतून कॅमेरे घालू नका.

भारतीय पासपोर्टवर सध्या व्हिसा लागत नाही, पण मलेशियाच्या डिजिटल आगमन-अर्जाबाबत निघण्यापूर्वी क्रूझ कंपनीला विचारून घ्या, नियम बदलतात. जहाजावर फोन विमान मोडवर ठेवा, समुद्रातल्या नेटवर्कचं बिल भयंकर येतं. थायलंडहून येत असाल तर पेनांग तासभर पुढे आहे, तेव्हा परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने की स्थानिक, हे उतरतानाच पक्कं करा.

खरेदीत जायफळ घ्या. तेल, बाम, शिवाय फळाच्या गराची साखरेतली लोणची. सीलबंद असेल तर जहाजाच्या तपासणीत बहुधा अडत नाही. ड्युरियन हे उग्र वासाचं फळ मात्र बाहेरच खाऊन या.