तुम्ही विचारलंत म्हणून: हावरे होते का?

अमेरिकेत गृहकर्जाच्या फायली तपासतो म्हटलं की मराठी मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला: "या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घराण्यांतल्या, लोकांची घरं 2008 च्या मंदीत गेली ती हावरेपणामुळंच ना? मग आता परत कशी घेतायत?"

आधी आकडे. 2007 मध्ये शंभरातली जवळपास 50 हिस्पॅनिक कुटुंबं स्वतःच्या घरात होती. 2015 मध्ये सुमारे 45. 2023 मध्ये पुन्हा 49 च्या पुढे. गोऱ्यांची 74 च्या आसपास.

मधली घसरण ज्या कागदानं केली तो बघा. 'टू-ट्वेंटीएट': कर्ज 30 वर्षांचं, व्याज पक्कं पहिली 2 वर्षंच. 2 लाख डॉलर, 7 टक्के, हप्ता 1,330. मग दर बाजाराप्रमाणे, पहिल्याच फेरीत दर 3 टक्क्यांनी वाढवायची मुभा. 7 चा दर 10 झाला की हप्ता 1,740. घरपट्टी आणि विमा बहुधा हप्त्यात धरलेलेच नसत, म्हणून तर तो सुरुवातीला स्वस्त दिसे. 2 वर्षांच्या आत फेडलं तर दंड. बोलणी स्पॅनिशमध्ये, सही इंग्रजी कागदावर. दलाल सांगे, पुढं नवं कर्ज काढून हे फेडू. पण फिनिक्स, लास व्हेगास, रिव्हरसाइड अशा शहरांत घराची किंमतच कर्जाच्या बाकीखाली आली. नवं कर्ज देणार कोण? त्यात घरचा कमावता माणूस बऱ्याचदा बांधकामावरच. घर आणि रोजगार एकाच खुंटीला टांगलेले.

"सही करण्याआधी वाचायला नको?" हे मीही म्हणत असे. अजूनही थोडं म्हणतो. भाव चढेल म्हणून दुसरं घर घेणारेही होतेच. पण 2011 मध्ये कंट्रीवाइड या गृहकर्ज देणाऱ्या बड्या कंपनीवरचा सरकारी दावा 33.5 कोटी डॉलरवर मिटला, त्यात आरोप होता 2 लाखांवर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना जादा शुल्क वा महागडं कर्ज लावल्याचा. त्यांनी नीट वाचलं असतं तरी शेजारच्या गोऱ्याला काय दर मिळाला ते कुठं छापलं होतं?

आता कशी घेतात? बरेच जण एफएचएवर, म्हणजे सरकारी विम्याचं पाठबळ असलेल्या गृहकर्जावर. क्रेडिट स्कोअर 580 असेल तर घराच्या किमतीच्या 3.5 टक्के पदरचे भरायचे. 3 लाखांच्या घराला 10,500 डॉलर. शिवाय 1.75 टक्के विमा कर्जात चढतो, आणि इतकं कमी भरलं तर वार्षिक विमाही कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही. फाइल अडते वेगळ्याच ठिकाणी. छपरं घालणारा 80,000 कमावतो. ट्रक, डिझेल, हत्यारं खर्ची टाकून करविवरणात 38,000 दाखवतो. बँक 2 वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाची सरासरी धरते. कर वाचला, कर्ज अडलं. सोबत राहणाऱ्या भावाचा पगार त्याची कर्जावर सही असेल तरच मोजतात. म्हणून एका घरावर तीन सह्या असतात. तुम्ही त्याला गर्दी म्हणता.

आणि हो, 25 मे 2025 पासून एफएचए ग्रीन कार्ड नसलेल्यांना जवळपास बंद झालं. त्यात ड्रीमर, म्हणजे लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आणलेली, मुलं गेली, तसे एच-वन-बीवाले आपलेही. त्यांना आता कन्व्हेन्शनल, म्हणजे एफएचएसारखा सरकारी विमा नसलेलं, कर्ज. तिथं स्कोअर कमी असला की व्याज चढतं.