त्रेसष्ट इंचांची चौकट

नाटकाचे नेपथ्य माझे होते. शुभारंभाचा प्रयोग दुपारी चारचा होता आणि स्थळ दादरचे शिवाजी मंदिर. सकाळचे सत्रही निर्मात्यांनी रंगीत तालमीसाठी घेतले असल्यामुळे टेम्पो लवकर रिकामा झाला होता, आणि साडेनऊपर्यंत मागची भिंत, स्वयंपाकघराची बाजू आणि खिडकीचा फ्लॅट, म्हणजे प्लायची सुटी भिंत, असे सगळे मागून ब्रेसचे टेके लावून उभे राहिले होते. मी प्रेक्षागृहात सातव्या-आठव्या रांगेत बसून चहा घेत होते. मेस्त्री आणि त्यांचा मुलगा दाराचा फ्लॅट घेऊन आले, त्यांनी तो खुणेवर टेकवला, आणि माझा पेला हातातच राहिला. दार अरुंद होते. थोडेथोडके नव्हे, जवळजवळ निम्म्याने.

टेप लावण्याची गरज नव्हती, तरी वर जाऊन लावला. ३६ इंच. मला ६३ हवे होते.

नाटकाचे नाव येथे देत नाही, पण त्या दाराचे महत्त्व सांगणे भाग आहे. चाळीतली खोली सोडायला नकार देणाऱ्या आईला तिचे चार मुलगे दुसऱ्या अंकाच्या शेवटी खाटेसकट उचलून बाहेर नेतात. खाट लोखंडी, ३३ इंच रुंद. दोन मुलगे एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि वर ज्येष्ठ अभिनेत्री झोपलेल्या. खाट तिरपी करता येत नाही आणि पुढे-मागे दोघांनीच धरून ती नेली तर प्रसंगच उरत नाही, कारण चौघांपैकी कोणी हात काढून घेतला नाही, एवढेच त्या प्रसंगात सांगायचे आहे. त्यासाठी तालमीत जमिनीवर चिकटपट्ट्या लावून, चौघांना पुन्हा पुन्हा चालवून आम्ही ते माप काढले होते.

“ताई, तुम्हीच पाठवलंय की,” मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे केला. माझ्याच अक्षरातल्या तक्त्याचा फोटो होता. मुख्य दार, रुंदी ३६. त्यांना संशय येण्याचे काही कारणच नव्हते, कारण तीन फुटी दार ही कोणत्याही सुताराच्या हाताला सवयीची गोष्ट असते. मी ९८ किंवा १२ असे काही लिहिले असते तर त्यांनी तत्काळ फोन केला असता. माझी चूक नेमकी खरी वाटेल अशा आकड्यावर जाऊन बसली होती.

तो तक्ता पाठवण्यापूर्वी मी तीन वेळा वाचला होता, आणि तिन्ही वेळा ‘त्रेसष्ट’ असाच वाचला होता.

मला डिस्लेक्सिया आहे. हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, २०१३ साली कळले, तेही माझ्यासाठी गेले असताना नव्हे. मुलगा पाचवीत होता, त्याच्या शिक्षिकांनी सुचवले म्हणून त्याला सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणीसाठी नेले होते. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन आणि गणित अशा चाचण्या काही आठवडे चालल्या. माहिती घेताना तिथल्या बाईंनी विचारले की घरात आणखी कोणाला वाचायला त्रास होतो का, कारण ही गोष्ट पुष्कळदा घराण्यातून येते. त्यांनी माझ्यापुढे सरकवलेला अर्ज मी दहा मिनिटे नुसता धरून बसले होते. त्यांनी तो हळूच परत घेतला आणि एकेक प्रश्न मला वाचून दाखवला.

लोकांना वाटते की डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे. तसे नसते, डोळ्यांना सगळे नीट दिसते. अडचण आवाज आणि त्याचे चिन्ह यांची गाठ बांधण्यात असते, आणि ती गाठ दरवेळी नव्याने बांधावी लागते. देवनागरीत एक वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर पुढे बसते; ‘र’ तर कधी डोक्यावर रफार होऊन जातो, कधी पायाशी तिरकी रेघ होतो. या आजाराचे (आजार हा शब्द चुकीचा आहे, पण घरात आम्ही तोच वापरतो) एक सुरुवातीचे वर्णन प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. त्यातला चौदा वर्षांचा हुशार मुलगा पर्सी स्वतःचे नाव ‘प्रेसी’ असे लिहायचा, आणि अनेकदा लक्ष वेधल्याशिवाय त्याला ती चूक दिसत नसे. मराठीत लिहून पाहिले तर नेमका तोच ‘र’ डोक्यावरून पायाशी उतरलेला दिसतो. मुलाने हे मला वाचून दाखवले, तेव्हा मला त्या मुलापेक्षा त्याच्या नावाकडे बोट दाखवत उभ्या असलेल्या माणसाची जास्त आठवण झाली. माझ्या आयुष्यात तशी माणसे बरीच आली.

आकड्यांचे मराठीत वेगळेच दुखणे आहे. आपण आधी एकक बोलतो, मग दशक. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर, पण लिहिताना साठाचा सहा आधी लिहायचा असतो. ऐकले तसे लिहीत गेले की ३६ होते. त्यात ३ आणि ६ एकमेकांची आरशातली प्रतिमा. एकमेकांकडे पाठ करून बसलेले म्हणून तर छत्तीसचा आकडा म्हणतात. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा प्रकारे संख्या वाचायची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली, विधानसभेतही झाली. भाषेचा डौल जातो हा आक्षेप मला समजतो, कारण मलाही ‘त्रेसष्ट’ हा शब्द आवडतो. पण त्या आठवड्यात तालमीच्या हॉलमध्ये सगळे हसत असताना मी हसू शकले नाही, एवढे खरे.

शाळेत मी ‘ढ’ होते. ब्राह्मी लिपीपासून ‘ढ’चा आकार बदललेला नाही, म्हणून काही न शिकणाऱ्याला ‘ढ’ म्हणतात, असे कारण सांगितले जाते. खरे असो वा नसो, मला ते अक्षर कायम आवडत आले, कारण ते कधी चकवत नाही. मराठीच्या वहीत लाल शाईचा चिखल आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत ‘अ’ श्रेणी, हे गणित गिरगावातल्या त्या शाळेत कोणाला सुटले नाही. त्याबद्दल शिक्षकांना दोष देत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात ते तरी काय करणार? दहावी दुसऱ्या प्रयत्नात सुटली, आणि मी एका ज्येष्ठ नेपथ्यकारांकडे उमेदवारीला लागले, कारण तिथे काही वाचावे लागणार नाही असा माझा समज होता.

वाचावे लागते. संहिता वाचावी लागते, मापे लिहावी लागतात, दौऱ्याच्या गाडीवर सामानाची यादी चिकटवावी लागते. संहिता मी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेते आणि ऐकता ऐकता पुठ्ठा कापते. एका फुटाला अर्धा इंच या प्रमाणात तिसऱ्या वाचनापर्यंत घर उभे राहिलेले असते. मापांसाठी गुरुजींच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडून उचललेली युक्ती वापरते. महत्त्वाच्या प्रत्येक मापाची एक रीप खऱ्या लांबीची कापायची, तिला रंगाचा पट्टा मारायचा, आणि मेस्त्रींच्या हाती द्यायची. तांबडी रीप म्हणजे दाराची रुंदी, निळी म्हणजे खिडकीची उंची. रिपेवर आकडा नसतो, त्यामुळे तो उलटा होण्याचा प्रश्नच येत नाही. वीस वर्षे माझे काम असे चालले, आणि लोकांना वाटले की ही बाईची लहर आहे. मी वाटू दिले.

या वेळी कारखाना वसईपलीकडे होता, हातात नऊ दिवस होते, आणि निर्मात्यांच्या कार्यालयातून मापांचा छापील तक्ता आला होता, तो भरून फोनवर पाठवायचा. रिपा देते म्हटले असते तर का, हे सांगावे लागले असते. एवढ्या मोठ्या निर्मितीत पहिल्यांदाच काम मिळाले होते. मी तक्ता भरला. सहायक जमिनीवरची मापे सांगत होता, मी लिहीत होते.

आता दहा वाजत आले होते. नवा फ्लॅट करून आणायला वेळ नव्हता. मी पिशवीतून मॉडेल काढले आणि रंगमंचाच्या कडेला मांडले. मॉडेलमध्ये दार बरोबर होते, दोन इंच पाच सूत. दीड इंचाची पुठ्ठ्याची पट्टी कापून, म्हणजे आमचे चुकलेले दार, मी त्या जागेत उभी केली. शेजारी उरलेली फट मला दिसली, आणि त्याच क्षणी मेस्त्रींनाही दिसली. ते खाली वाकले, म्हणाले, “ही दुसरी झडप.”

जुन्या घरांत एक झडप मोठी आणि एक लहान अशी दारे असतात. मोठी रोज उघडते, लहान कडी लावून बंद राहते आणि कपाट-बिपाट न्यायचे असेल तेव्हाच उघडते. फ्लॅट आठ फुटी होता आणि दैवयोगाने दार त्याच्या मधोमध नव्हते. एका बाजूला फूटभर भिंत आणि दुसऱ्या बाजूला चार फूट. त्या चार फुटांतून उरलेली फट कापून काढायची, चौकटीचे उभे लाकूड तेवढे सरकवायचे, आणि कापून निघालेल्या प्लायलाच मागून रिपा ठोकून लहान झडप करायची. वेगळे लाकूड आणायचे नाही, भिंतीतूनच दार काढायचे. “सत्तावीस इंच,” मेस्त्री म्हणाले. मी मान डोलावली, पण मागे पडलेली एक रीप घेतली, खाटेच्या बाजूला दोन्हीकडे माणसे उभी करून जमिनीवर खुणा केल्या, त्यातून जुन्या दाराची रुंदी वजा करून रीप कापली आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती टेपला लावली आणि हसले. सत्तावीसच होती.

जिगसॉचा आवाज ऐकून दिग्दर्शक धावत आले. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, तरी रंगमंचावर मी त्यांना सरच म्हणते. “ताई, हे काय चाललंय?” कारखान्याची चूक झाली, असे सांगणे सोपे होते, आणि मेस्त्रींच्या चेहऱ्यावरून दिसत होते की मी तसे म्हटले असते तर ते गप्प राहिले असते. त्या गप्प राहण्याच्या तयारीनेच मला बोलते केले असावे. मी म्हटले, “सर, आकडा मी उलटा लिहिला. मला डिस्लेक्सिया आहे. एरवी मी आकडे लिहीत नाही, या वेळी लिहिले.”

ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग विचारले, “खाट जाईल ना?” जाईल म्हटल्यावर ते तालमीकडे वळले. निर्मात्यांची प्रतिक्रिया वेगळी होती. त्यांनी मला विंगेत बाजूला घेतले आणि काळजीच्या स्वरात सांगितले की हे इथून बाहेर जाऊ देऊ नका, उद्या कोणी काम देणार नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हते. त्यांना आमचा धंदा माहीत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, दहावी-बारावीच्या परीक्षेत माझ्या मुलाला जादा वेळ मिळाला, पण नाटकागणिक ठरणाऱ्या बिदागीवर जगणाऱ्या माणसाने जादा वेळ कोणाकडे मागायचा?

हल्ली काही लोक उलटे बोलतात, की डिस्लेक्सिया असलेल्यांना निसर्गतःच जास्त दिसते, ती देणगीच असते. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून मी वाद घालत नाही. पण सातव्या रांगेतून दार अरुंद आहे हे मला दिसले, ते वीस वर्षे पुठ्ठा कापल्यामुळे. आणि पुठ्ठा कापला, तो तक्ते वाचता येत नव्हते म्हणून.

बाराला ठोकाठोक संपली. कापलेल्या तुकड्यावर चाळीच्या भिंतीचा ओलीचा डाग मी दोन दिवस खपून रंगवला होता, तो लाकडी रंगाखाली गेला. त्याचे मला अजून वाईट वाटते. रंग वाळेना म्हणून दोन पंखे लावले. तालीम खाटेशिवाय झाली. पडदा उघडला तेव्हा पहिल्या तीन रांगांत रंगाचा वास येत असणार.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी थोरल्या मुलाने लहान झडपेची कडी काढली आणि झडप हलेना. ओला रंग चौकटीला धरून बसला होता. त्याने खांदा लावला, पुन्हा लावला. मी विंगेत मेस्त्रींचा दंड धरून उभी होते. तिसऱ्यांदा ती कर्रकन सुटली, चौघे खाट घेऊन बाहेर पडले, आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली.

दुसऱ्या प्रयोगाआधी मेस्त्रींनी झडपेच्या कडेला मेणबत्ती घासली. पुढच्या नाटकाच्या वेळी त्यांचाच फोन आला: “ताई, तक्ता नको. पोराला पाठवतो, त्याच्याकडे रिपा द्या. तांबडी कुठली ते तेवढं सांगून ठेवा.”