सड्यावरचा हत्ती

या मे महिन्यात मी आणि माझा धाकटा भाऊ छोटू पहिल्यांदाच दोघंच आजोळी गेलो. आईला रजा मिळाली नाही. माझी दहावी संपली होती, निकाल लागायचा होता आणि घरात बसून त्याचा विचार करण्यापेक्षा राजापूर तालुक्यातलं आमचं आजोळ बरं, असं आईचंच मत पडलं. डोंबिवलीहून पहाटे दिवा गाठलं आणि सावंतवाडी पॅसेंजरमध्ये चढलो. चढलो म्हणजे मागच्या लोकांनी आम्हाला चढवलं. एका मावशींनी त्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन छोटूला खिडकीत जागा करून दिली. "कुठं जातंस रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि "जेवलास काय?" हा दुसरा. वाजले होते सकाळचे सात.

आई लहान असताना कोकणात रेल्वे नव्हती. रोह्यापासून पुढचा हा मार्ग संपूर्ण सुरू झाला १९९८ मध्ये. त्याआधी आई, मामा आणि आजी-आजोबा मुंबई सेंट्रलहून रात्रीची एसटी धरायचे. कशेडी घाटात आईला हमखास उलटी व्हायची, म्हणून आजी आवळ्याच्या सुपारीची डबी बरोबर ठेवायची. ती डबी या वेळी आईनं माझ्याकडे दिली होती. रेल्वेत तिची काहीच गरज नव्हती. तरी मी ती खिशात ठेवली.

उक्षी सोडलं की करबुड्याचा बोगदा येतो. साडेसहा किलोमीटर लांब. कोकण रेल्वेवरचा हा सगळ्यात लांब बोगदा. आत शिरताना डब्यातले सगळे ओरडतात, मग हळूहळू गप्प होतात, कारण ओरडून दमलं तरी अंधार संपत नाही. छोटूनं माझा हात धरला. तो आता सातवीत जाणार, एरवी हात धरू देत नाही. मी काही बोलले नाही. बाहेर पडलो तेव्हा उजेड इतका अंगावर आला की सगळ्यांनी एकदम डोळे मिटले.

रत्नागिरीला मामा घ्यायला आला होता. पुढचा रस्ता समुद्राच्या कडेकडेनं: पावस, मग पूर्णगडाला मुचकुंदी नदीवरचा पूल, गावखडीचं सुरूचं बन. पुलावर आलं की मामा दर वर्षी गाडी हळू करतो. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला ती समुद्राला मिळते ती जागा. तिथून आमचं गाव जवळ. कशेळीच्या अलीकडची एक वाडी, मोजून बावीस घरं.

"आलीस गो बाय माझे!" आजी खळ्यातच उभी होती. तिच्या दोन्ही हातांचे तळवे जांभळे-लाल झाले होते. रातांब्यांचा हंगाम चालू होता.

आमसुलं कशी होतात हे मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात टाकायची. गराला मीठ लावून जो रस सुटतो त्यात ती वाळलेली सालं पुन्हा बुडवायची आणि पुन्हा वाळवायची. याला आजी पुट देणं म्हणते. एकदा दिलं की झालं, असं नाही. पाच, सहा, कधी सात पुटं. दर पुटाला साल काळं पडत जातं आणि जाड होतं. डोंबिवलीत आमटीत एक आमसूल टाकताना हे काहीच डोक्यात नसतं. चार दिवस मी आजीबरोबर बसले. माझीही बोटं तशीच झाली आणि लिंबू चोळूनही डाग गेले नाहीत. मला ते जावेत असं वाटतही नव्हतं.

फोनला रेंज फक्त गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात, फणसाखाली. पहिले दोन दिवस मी तासातासाला तिथे जाऊन उभी राहायचे. मैत्रिणींच्या ग्रुपवर एकच विषय: किती पडतील, कोण सायन्सला जाणार, कोणत्या कॉलेजची कटऑफ किती. ते वाचून पोटात गोळा यायचा. तिसऱ्या दिवशी मी जायचं विसरले. चौथ्या दिवशी आठवलं, पण गेले नाही.

मामाची शंभरेक हापूसची कलमं आहेत. मे महिन्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. बागेत राखणीला आणि कामाला नेपाळचं एक कुटुंब असतं. कोकणातल्या आंबा बागांमधून आता असं सगळीकडेच दिसतं. पावसाळा संपला की ते येतात आणि मिरग लागायच्या आत परत जातात. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. ती मराठी बोलते ती थेट आजीसारखी, "होय गो", "नाय गो" करत. नेपाळीत बोलताना तिचा आवाज बदलतो, जरा बारीक होतो.

तिनं मला आंबे निवडायला शिकवलं. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं काढलेला आंबा देठासकट ठेवायचा. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. चीक हाताला लागला तर कातडी भाजते, म्हणून ती मनगटापर्यंत खोबरेल लावते. फळ तळहातावर घेतल्या घेतल्या तिला वजनावरून कळतं की ते कुठल्या पेटीत जाणार. मी प्रत्येक आंबा दोनदा फिरवून बघायचे आणि तरी चुकायचे. "बघू नको," ती म्हणायची, "हाताला इचार." दोन दिवसांनी माझ्या हाताला थोडंथोडं कळायला लागलं.

तिची शाळा आठवीतच सुटली. वर्षाचे आठ महिने इथे, चार महिने तिथे, मग कुठल्या शाळेत बसायचं? हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. नंतर तिनं विचारलं, "तुझा निकाल कधी?" मला उत्तर द्यायला जड गेलं. निकालाची भीती वाटणं हीसुद्धा मिळालेली गोष्ट आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एका संध्याकाळी पेट्यांचा टेम्पो लवकर गेला आणि मामा म्हणाला, "चला, हत्ती बघून येऊ." आम्ही तिघं निघालो. मी, छोटू आणि ती.

सडा म्हणजे आमच्या घरामागची ती टेकडी चढून गेलं की लागणारं सपाट कातळाचं माळरान. जांभ्या दगडाचं. उन्हाळ्यात काळंभोर, करपलेलं, मधे मधे वाळलेलं गवत. लहानपणापासून मी तिथे करवंदं खायला गेले आहे. कोंबडा की कोंबडी म्हणत दातांनी करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा. पायाखाली काय आहे ते कधी बघितलं नव्हतं.

कशेळीच्या सड्यावर एक कातळशिल्प आहे. कातळात खोदून काढलेला हत्ती, जवळपास अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर उंच. उंच म्हणजे जमिनीवर आडवा पसरलेला. मामानं आम्हाला मुद्दाम सूर्य कलल्यावर नेलं. दुपारी डोक्यावर ऊन असताना रेषा दिसत नाहीत, नुसता दगड दिसतो. संध्याकाळचं तिरपं ऊन आलं की प्रत्येक खोदलेल्या रेषेत सावली भरते.

तरीही मला पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. रेषा होत्या, खूप होत्या, एकमेकींत गुंतलेल्या. मामा सांगत होता, ही सोंड, हा पाय, आणि मी मान हलवत होते. तेवढ्यात ती माझ्या बाजूला उभी असलेली मुलगी म्हणाली, "हात्ती! बघ पाठ. तो असाच चालतो, पाठ वर करून." तिचं गाव नेपाळच्या तराईत, जंगलाला लागून. भात पिकलं की रात्री रानहत्ती शेतात उतरतात. मशाली घेऊन, डबे वाजवून त्यांना हाकलायला लागतं. तिनं लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून हत्ती पाहिलेला होता. तिनं हवेत बोटानं पाठीची कमान काढली आणि त्या क्षणी मला सगळा हत्ती दिसला. त्यानंतर तो न दिसणं शक्यच नव्हतं.

आम्ही कडेकडेनं फेरी मारली. कोरलेल्या भागावर पाय द्यायचा नाही, असं मामानं आधीच बजावलं होतं. मी वाकून एका रेषेत बोट घातलं. पहिलं पेर आत गेलं. कडा गुळगुळीत झालेल्या, तळाशी बारीक लाल माती आणि त्यात एक वाळलेलं गवताचं पातं. कुणी तरी इथे उकिडवं बसून दगडानं दगड ठोकला होता. किती दिवस लागले असतील? आणि सगळ्यात नवल म्हणजे एवढा मोठा आकार जमिनीवर बसून काढताना त्याला पूर्ण कधीच दिसला नसेल. हत्तीच्या पोटातही लहान लहान जनावरं आहेत, जमिनीवरची आणि पाण्यातलीही.

ही चित्रं कुणी काढली, कशासाठी काढली, हे ठरलेलं नाही. काळाबद्दलही अभ्यासकांचं एकमत नाही, अंदाजांत हजारो वर्षांचा फरक आहे. गावातले जुने लोक पांडवांनी काढली म्हणायचे आणि पुढे जायचे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाड्यावाड्यांत फिरून, गुराख्यांना विचारून, सडे पायी तुडवून अशी हजाराहून जास्त चित्रं शोधून नोंदवली. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात मी यातलं काही वाचलेलं मला आठवत नाही. हा हत्ती माझ्या आजोळच्या शेजारी होता आणि मी सोळा वर्षं त्याच्या बाजूनं करवंदं खात गेले.

पुढच्या आठवड्यात मामानं रिक्षा करून देवाचे गोठणे हे गाव दाखवलं. तिथे भार्गवरामाचं देऊळ आहे आणि देवळामागून वाट चढून सड्यावर गेलं की एक माणसाची आकृती कोरलेली आहे. तिच्यापाशी होकायंत्र दिशा चुकतं. छोटूचा विश्वास बसेना, म्हणून त्यानं शाळेच्या प्रयोगपेटीतलं होकायंत्र घरून आणलं होतं. सड्यावर लांब धरलं तेव्हा सुई समुद्राच्या उजवीकडे, म्हणजे बरोबर उत्तरेला. चित्राजवळ आणलं तशी ती सरकली. थोडं हलवलं, पुन्हा सरकली. तिथल्या दगडातल्या चुंबकीय गुणामुळे असं होतं. छोटू अर्धा तास तिथून उठला नाही. एका वहीत तो प्रत्येक जागची दिशा बाणानं काढत होता, कुणी सांगितलेलं नसताना. ज्यानं ते चित्र काढलं त्याच्याकडे होकायंत्र असणं शक्य नाही. मग नेमकी हीच जागा का? मामा म्हणाला, "तू शोधून काढ."

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिरेखाणी लागल्या. सडा चौकोनी कापत खाली नेलेला, आत लाल पायऱ्या पायऱ्या झालेल्या, ट्रकमध्ये चिरे भरले जात होते. मला रडू आलं. तिथे काही कोरलेलं होतं की नव्हतं हे आता कुणालाच कळणार नाही. रात्री जेवताना मी ते तावातावानं बोलले. मामानं ऐकून घेतलं आणि ओटीच्या भिंतीवर हात ठेवला. ते घर आजोबांनी बांधलेलं, सगळं चिऱ्याचं. उन्हाळ्यात आत गार राहतं म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करतो तेच.

"घराला दगड लागणार," मामा म्हणाला. "पण खणायच्या आधी तो सडा एकदा झाडून बघायला काय जातं? दोन माणसं आणि दोन खराटे."

मला त्याचं म्हणणं पटलं. मी वाडीतल्या सात-आठ पोरांना गोळा केलं आणि शेवटचे चार दिवस आम्ही सकाळी सहाला खराटे घेऊन आमच्या वाडीचा सडा झाडला. चित्र मिळालं नाही. तीन ठिकाणी नुसते खळगे आणि एक सरळ रेष, ती नैसर्गिकही असेल. मामानं फोटो काढून ठेवले आहेत, रत्नागिरीला दाखवायला. अर्धा सडा अजून झाडायचा आहे.

आजी हे सगळं आमसुलं परतता परतता ऐकत होती. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मला घेऊन चल." तिला चौऱ्याहत्तर वर्षं झाली, गुडघे धरतात. नवीन लग्न होऊन आली तेव्हा ती त्याच सड्यावरून गवताचे भारे आणायची. रेषा तिनं तेव्हाही पाहिल्या होत्या, पण भारा डोक्यावर असताना थांबणार कोण? मामानं रिक्षा जमेल तितकी जवळ नेली. पुढे मी एका बाजूनं, ती नेपाळची मुलगी दुसऱ्या बाजूनं, असं आम्ही तिला हळूहळू नेलं.

आजीनं कडेला चपला काढल्या. कातळ अजून तापलेला होता, पण तिनं ऐकलं नाही. हत्तीकडे तिनं फार वेळ बघितलंच नाही. ती वाकून पोटातल्या एका आकाराकडे बघत राहिली. गोलसर अंग, दोन्ही बाजूंना पसरलेलं, मागे लांब शेपूट. मामा त्याला कुठला तरी मासा म्हणाला होता.

"कुठला तरी काय रे," आजी म्हणाली. "वागळी आहे ती. शेपटाला काटा असतो, कापताना आधी तो काढायचा."

आणि तिनं जांभळ्या बोटानं, दगडाला न शिवता, काटा कुठे असतो ते आम्हाला दाखवलं.