फार सरळ आलेली रेघ

"साहेब, ही रेघ बघा की. तेल असलं गप्प बसत नाही कधी."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात टेस्ट बेंचसमोर उभे राहून मामा मला स्क्रीन दाखवत होते. मामा येळ्ळूरचे, सगळी नोकरी बेंचवर गेलेली. १४० बारवर (बार हे दाबाचं माप) चालणारा सिलिंडर ते दीडपट, म्हणजे २१० बारपर्यंत दाबतात, व्हॉल्व्ह बंद करतात आणि पाच मिनिटं प्रेशर टिकतं का ते बघतात. सील गळत असेल तर प्रेशर हळूहळू उतरतं. चांगल्या सिलिंडरचंही प्रेशर अगदी स्थिर नसतंच. तेलाचं तापमान आणि सेन्सरची थरथर यांमुळे दशांशाचा आकडा सारखा खालीवर होत राहतो. स्क्रीनवरची रेघ मात्र फूटपट्टीने ओढल्यासारखी होती. २१०.४, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. खाली हिरव्या चौकटीत 'पास'.

मामांनी बोट वर केलं. पाइपवर बसवलेल्या गोल गेजचा काटा १९० च्या आसपास होता.

"काटा उतरायलाय, खरं मशीन पास म्हणतंय. मी कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, काट्याचं. आणि बेंच बंद करायला सांगितला.

या बेंचची गोष्ट आधी सांगायला हवी. त्यावरचा प्रोग्रॅम जुना, ३२ बिटचा. ज्यांनी तो लिहिला त्यांचा पत्ता नाही, सोर्स कोड कुणाकडेच नाही. तो संगणकात खोचलेल्या एका पीसीआय कार्डाशी बोलायचा आणि कार्डाला सेन्सर जोडलेला असायचा. कार्ड गेलं, तसलं बाजारात मिळेना, नव्या संगणकात पीसीआयचा स्लॉटच नव्हता. मग कुणीतरी बाहेरच्या माणसाने चांगली वाट काढली. सेन्सर एका इथरनेट मॉड्यूलला जोडला आणि संगणकात एक डीमन, म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम लिहिला, जो मॉडबसवरून (यंत्रांची आपसात बोलायची एक पद्धत) मॉड्यूलला प्रेशर विचारतो आणि जुन्या प्रोग्रॅमला 'मीच ते कार्ड' असं सांगतो.

हे करायला लिनक्समध्ये क्यूज नावाची सोय आहे. युजरस्पेसमधल्या, म्हणजे कर्नेलच्या बाहेर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला कॅरेक्टर डिव्हाइस (बाइट घेणारं-देणारं उपकरण) बनता यावं म्हणून ती २००९ मध्ये, कर्नेल (लिनक्सचा गाभा) २.६.३१ मध्ये आली. साध्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टिम बनू देणाऱ्या फ्यूजच्याच पायावर ती उभी आहे. कुणी डिव्हाइस उघडलं, वाचलं किंवा आयऑक्टल केला (डिव्हाइसला खास हुकूम दिला) की कर्नेल ती मागणी डीमनकडे पाठवतं आणि त्याचं उत्तर मागणाऱ्याला देतं. कर्नेल मॉड्यूल लिहिण्यापेक्षा मला स्वतःला हाच मार्ग पटतो. कर्नेलच्या आतल्या गोष्टी आवृत्तीगणिक बदलतात, मॉड्यूल दर वेळी दुरुस्त करत बसावं लागतं, आणि त्यातली एक चूक अख्खा संगणक झोपवते. डीमन पडला तर फक्त डीमन पडतो.

त्या आधीच्या माणसाने अवघड भाग नीट केला होता. जुन्या प्रोग्रॅमचे आयऑक्टल म्हणजे नुसते आकडे होते. किती बाइट जाणार, कुठल्या दिशेने जाणार, हे त्या आकड्यात गुंफलेलं नव्हतं. अशा वेळी क्यूजमध्ये अनिर्बंध आयऑक्टलची परवानगी घ्यावी लागते. पहिल्या फेरीत डीमन कर्नेलला सांगतो, मागणाऱ्याच्या मेमरीतला अमुक पत्त्यावरचा इतका भाग मला हवा. कर्नेल तो जोडून मागणी पुन्हा पाठवतं. दुसऱ्याच्या मेमरीला हात घालायची ही मुभा आहे, म्हणून असला डीमन रूटशिवाय, म्हणजे सर्वाधिकार असल्याशिवाय, चालू देत नाहीत. हे सगळं त्याने बरोबर केलं होतं.

मग रेघ सरळ का आली?

डीमनच्या फोल्डरमध्ये जुनी आवृत्ती होती, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर क्रम कळला. पहिल्या आवृत्तीत आयऑक्टल आला की डीमन मॉड्यूलला विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. मॉड्यूल गप्प झालं की डीमन अडकायचा आणि त्याच्यामागे प्रोग्रॅमही. क्यूजमध्ये एकदा मागणी डीमनच्या हातात गेली की मागणाऱ्याला उत्तराची वाट बघावीच लागते; किल उणे नऊ, म्हणजे जबरदस्तीने मारायचा हुकूम, पाठवला तरी तो सुटत नाही, पीएसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) यादीत 'डी' लागून पडून राहतो. डीमन मेला किंवा सिसएफएसमधल्या (कर्नेलने दाखवलेल्या फाइलींमधल्या) त्या डिव्हाइसच्या 'अबॉर्ट' फाइलमध्ये काही लिहिलं, तरच सुटका. ऑपरेटरला हे कुठून ठाऊक असणार? तो सरळ पॉवर बंद करायचा. मामांनी ते दिवस आठवून सांगितले, "पंधरा-पंधरा मिनिटं पडदा मेल्यागत."

पंधरा मिनिटं हा आकडा मला लगेच ओळखीचा वाटला. केबल निघाल्यावर टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून मजकूर पोचवणारी यंत्रणा, पाठवलेला मजकूर पुन्हापुन्हा पाठवून बघतं, आणि लिनक्समध्ये मूळ सेटिंगला हार मानायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

ही तक्रार घालवायला दुसऱ्या आवृत्तीत एक वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममधला समांतर धागा) आला. तो मॉड्यूलला विचारत राहणार, आलेला आकडा जपून ठेवणार, आणि आयऑक्टलला तो जपलेला आकडा ताबडतोब मिळणार. पडदा मरायचा थांबला. सगळे खूश झाले. पण थ्रेड अडकला असला तरी जपलेला आकडा जात राहिला, आणि तो शिळा आहे हे कुणालाच कळेना.

इलेक्ट्रिशियन बैलहोंगलचा. त्याने मॉड्यूलचं झाकण उघडलं, केबलला बोट लावलं आणि कन्नडात म्हणाला, "लूज ऐत्रि सर." लूज आहे सर. क्लिप तुटलेली होती, पंपाच्या हादऱ्याने जॅक सरकत होता. प्लग बदलायला त्याला थोडाच वेळ लागला असता, पण मी थांबवलं. सिलिंडर काढून, प्रेशर शून्यावर आणून मी केबल मुद्दाम उपटली आणि मामांना म्हटलं, लांब उभे राहून, हातातल्या पंपाने थोडं प्रेशर द्या. काटा चढला. स्क्रीनवर ०.०.

तिथे कुणी काही बोललं नाही. गळका सिलिंडर पास होणं वाईट आहेच. पण स्क्रीनवर शून्य बघून कुणी होजचा नट सैल केला असता तर? त्या दाबाचं तेल बारीक फटीतून बाहेर पडलं की कातडी भेदून आत जातं. वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत हात सडतो. हायड्रॉलिकच्या कामात असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

आभासी डिव्हाइस बनवताना आपण खऱ्या डिव्हाइसचं बोलणं उतरवून घेतो, आणि त्याचं बिघडणं उतरवायचं राहून जातं. माझ्या मते बिघडणं हा इंटरफेसचा अर्धा भाग आहे. जुनं कार्ड बिघडलं की काय करत असेल? मी प्रोग्रॅमच्या बायनरीतले (चालणाऱ्या फाइलीतले) मजकूर काढून बघितले. कार्ड उत्तर देत नाही, टेस्ट रद्द, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश त्यात होताच. डीमनकडून आकड्याऐवजी ईआयओ, म्हणजे 'वाचता आलं नाही' असा एरर, परत पाठवून बघितलं. प्रोग्रॅमने टेस्ट थांबवली, लाल चौकट आली, रेकॉर्डमध्ये 'अपूर्ण' नोंद झाली. एवढी वर्षं ती वाट तयार होती, आणि नवं 'कार्ड' त्या वाटेने कधी गेलंच नव्हतं.

मग तिथेच टेबल ओढून बसलो. प्रोग्रॅम सेकंदाला दहा वेळा विचारतो. आकडा ३०० मिलिसेकंदांपेक्षा जुना असेल तर तो द्यायचा नाही, ईआयओ द्यायचा. उत्तराला थांबायचं नाही, म्हणजे पडदाही मरणार नाही. डीमन सुरू झाल्यावर पहिला आकडा येईपर्यंतही ईआयओच. शून्य द्यायचं नाही, कारण शून्य बार हे खरंखुरं माप आहे. एक मुद्दा मालकांशी वाद घालून ठरला: मध्येच तुटून पुन्हा जोडलं गेलं तर? त्यांचं म्हणणं, चालू द्या, उगाच टेस्ट वाया कशाला घालवायची. मी अडून बसलो. पाच मिनिटांतला काही वेळ कुणीच बघत नव्हतं, तर त्या टेस्टला पास म्हणता येत नाही. शेवटी एकदा तुटलं की डिव्हाइस बंद करून पुन्हा उघडेपर्यंत तुटलेलंच राहील असं केलं. जिवंत असून अडकलेला डीमन मेलेल्यापेक्षा वाईट, म्हणून सिस्टिमडीचा (लिनक्सवर डीमन सुरू-बंद करणाऱ्याचा) वॉचडॉग लावला. डीमनकडून वेळेवर हाक आली नाही की तो डीमनला मारतो, आणि कर्नेल वाट बघणाऱ्यांना एरर देऊन मोकळं करतं.

पुढे नवा प्रोग्रॅम येईल त्याच्यासाठी एक वेगळा आयऑक्टल ठेवला, ज्यात आकार आणि दिशा व्यवस्थित गुंफलेल्या आहेत. त्यात आधी ६४ बिटांची मोनोटॉनिक (कधी मागे न जाणारी) वेळ, मग ३२ बिटांत मिलिबारमधलं प्रेशर, मग ३२ बिटांचा अनुक्रमांक. एकूण १६ बाइट. क्रम मुद्दाम असा. ३२ बिटचा प्रोग्रॅम आणि ६४ बिटचा डीमन ६४ बिटांचा आकडा वेगवेगळ्या सीमेवर ठेवतात. प्रेशर आधी ठेवलं असतं तर दोघांनी वेगवेगळ्या जागी वाचलं असतं. आता आकड्यासोबत त्याचं वयही जातं.

प्लग बदलला, मामांनी सिलिंडर चढवला, रेघ पुन्हा थरथरत आली. "हं, आता तेल आहे," ते म्हणाले. पण माझं लक्ष जुन्या रेकॉर्डकडे होतं. या सेन्सरचा शेवटचा अंक काही सेकंदही एकसारखा राहत नाही, मग ज्या टेस्टमध्ये तो राहिलाय ती टेस्ट झालेलीच नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहून दुसरी आवृत्ती बसल्यापासूनच्या सगळ्या फाइली तपासल्या. सरळ रेघा बऱ्याच निघाल्या, प्रत्येकीपुढे सिलिंडरचा नंबर. मालकांनी यादी छापून घेतली आणि आधी हुबळीच्या गिऱ्हाइकाला फोन लावला: हे नंबर मशीनवर चढवू नका, आमच्या खर्चाने परत पाठवा. परत आलेले सिलिंडर मामांनीच बेंचवर घेतले. बरेचसे पास झाले. बाकीच्यांची सीलं बदलून पाठवली.