आमची वाटचाल: स्टिकरपासून स्टेपिंगपर्यंत

आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मशीनसोबत एक छापील कागद जातो. त्यावर प्रोसेसरचं नाव असतंच, पण नावाखाली फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग, कॅशे (चिपमधली छोटी, वेगवान मेमरी), कोअर (चिपमधले काम करणारे स्वतंत्र भाग), थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) अशा ओळीही असतात. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, “एवढं सगळं कशाला? आय-फाइव्ह आहे ना, झालं तर मग.” त्या ‘कशाला’चं उत्तर द्यायचं म्हणजे आमची सगळी वाटचालच सांगावी लागते. म्हणून ती एकदा लिहून काढते आहे.

धंदा सुरू केला तो मी आणि माझ्या धाकट्या भावाने. पेंटियम टू आणि सेलेरॉनचे दिवस होते. एक टेबल, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, धूळ उडवायचा ब्लोअर आणि फ्लॉप्यांचा डबा, एवढंच भांडवल. मशीन फॉरमॅट करायचं, रॅम काढून खोडरबराने पुसून परत बसवायची, पंखा साफ करायचा. आत प्रोसेसर कोणता आहे हा प्रश्न आम्हाला कधी पडतच नसे. कॅबिनेटवर लिहिलेलं असे, आणि चालू करताना काळ्या पडद्यावरही तोच आकडा उमटत असे. त्यावर शंका घ्यायचं कारण काय?

कारण मिळालं ते एका हिशेबनिसांच्या मशीनमुळे. त्यांना ते दुसरीकडून ‘साडेचारशे मेगाहर्ट्झ’ म्हणून विकलेलं होतं. सकाळी व्यवस्थित चालायचं आणि तासाभराने गोठायचं. आम्ही रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, दोनदा फॉरमॅट केलं. प्रत्येक वेळी ते मशीन घेऊन गेले आणि दोन दिवसांत परत आले. तिसऱ्या खेपेला ते चिडलेही नव्हते, नुसते थकलेले दिसत होते. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

भावाने त्या आठवड्यात कुणाकडून तरी ‘डब्ल्यूसीपीयूआयडी’ नावाचा प्रोग्रॅम फ्लॉपीवर आणला होता. एच. ओडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी प्रोग्रॅमरने तो लिहिलेला. इन्स्टॉल करायची भानगड नाही, डबल-क्लिक केलं की छोटी खिडकी उघडायची. त्या मशीनवर ती उघडली तेव्हा ओळी अशा होत्या: फॅमिली ६, मॉडेल ६, दुसऱ्या पातळीचा कॅशे १२८ केबी, बस १००, मल्टिप्लायर ४.५, घड्याळ ४५०. बसचा, म्हणजे मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेचा वेग गुणिले मल्टिप्लायर म्हणजे प्रोसेसरचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये.

भाऊ बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “ताई, साडेचार गुणिले शंभर नाही गं. हे साडेचार गुणिले सहासष्ट आहे. हा तीनशेचा सेलेरॉन आहे.”

तो बरोबर होता. १२८ केबी कॅशेचा तो ‘मेंडोसिनो’ सेलेरॉन ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर चालण्यासाठी बनलेला. डेस्कटॉपसाठी ती मालिका ३००, ३३३, ३६६, ४००, ४३३, ४६६ अशी पुढे जाते. ४५० चा त्यात नाहीच. कुणीतरी मदरबोर्डवर बस १०० केली होती आणि प्रोसेसर दीडपट वेगाने पळवला होता. काळ्या पडद्यावर उमटणारा आकडा खोटा नव्हता. चिप खरोखरच ४५० ने पळत होती. फक्त ती ४५० ची नव्हती. हा तीनशेचा सेलेरॉन, म्हणजे ३००ए, असा पळवण्यासाठी त्या काळी शौकिनांमध्ये प्रसिद्धच होता, आणि स्वतःच्या मशीनवर जाणूनबुजून कुणी तसं केलं तर माझी काहीच तक्रार नाही. पण न सांगता तसं करून वरच्या वेगाचं म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि तिचा भुर्दंड त्या माणसाच्या अर्धवट राहिलेल्या हिशेबांवर पडत होता.

आम्ही जंपर बदलून बस ६६ वर आणली. मशीन दिवसभर चाललं, रात्रभर चालवून ठेवलं, तरी एकदाही गोठलं नाही. आधीच्या दोन खेपांची मजुरी आम्ही परत केली, कारण आम्हीही न बघताच हात घातला होता. त्या दिवसापासून नियम ठरला: मशीन टेबलावर आलं की आधी प्रोसेसरला विचारायचं आणि मगच स्क्रू काढायचा.

‘प्रोसेसरला विचारायचं’ हे मी अलंकारिक बोलत नाही. पेंटियमबरोबर १९९३ मध्ये इंटेलने ‘सीपीयूआयडी’ नावाची एक सूचनाच प्रोसेसरमध्ये घातली. नंतरच्या काही ४८६ चिपमध्येही ती आहे. प्रोग्रॅम ती सूचना देतो आणि चिप स्वतःबद्दलची माहिती आकड्यांत परत देते. पहिल्या प्रश्नाला बारा अक्षरांत बनवणाऱ्या कंपनीची खूण मिळते, ‘जेन्युइनइंटेल’ किंवा ‘ऑथेंटिकएएमडी’. दुसऱ्या प्रश्नाला फॅमिली, मॉडेल आणि स्टेपिंग. पुढे विचारत गेलं की कॅशे आणि कोणत्या सूचना चालतात याची यादी मिळते, आणि अलीकडच्या चिपमध्ये ४८ अक्षरांपर्यंतचं पूर्ण नावही. बाहेरून कितीही देखणं दिसणारं सॉफ्टवेअर असो, आतून ते हे प्रश्न विचारून मिळालेले आकडे ओळखीच्या यादीशी जुळवत असतं.

यातलं स्टेपिंग लोक सोडून देतात. फॅमिली म्हणजे कूळ, मॉडेल म्हणजे त्यातली शाखा आणि स्टेपिंग म्हणजे त्याच चिपच्या नकाशाची दुरुस्त आवृत्ती. पेंटियममधली भागाकाराची चूक १९९४ मध्ये प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी उजेडात आणली, तेव्हा चुकीच्या आणि दुरुस्त चिपवर नाव तेच होतं, वेगही तोच असू शकत होता. त्यांच्यात फरक करता येत होता तो स्टेपिंगवरून. आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला की मी पहिल्या दिवशी त्याला हीच गोष्ट सांगते.

मग सीपीयू-झेड आलं आणि आमचं काम खूप सोपं झालं. फ्रँक डेलात्र या फ्रेंच प्रोग्रॅमरचं हे मोफत सॉफ्टवेअर. प्रोसेसरसोबत मदरबोर्डचं मॉडेल, बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची) तारीख आणि प्रत्येक स्लॉटमध्ये कोणती रॅम आहे तेही दाखवतं. शिवाय सगळा अहवाल टेक्स्ट फाइलमध्ये जतन करता येतो. हे शेवटचं आमच्यासाठी सगळ्यात मोलाचं ठरलं. तोवर आकडे वहीत उतरवत होतो. आता फाइल ठेवू लागलो, मशीनच्या क्रमांकाने. पुढे टेबलाची खोली झाली, खोलीच्या दोन खोल्या झाल्या, ऑफिसांची वार्षिक देखभाल भावाने अंगावर घेतली आणि मी जुने लॅपटॉप लॉटने घेऊन, तपासून, दुरुस्त करून विकायला लागले. मशीनसोबत कागद देण्याची पद्धत तेव्हाची.

कागदामुळे भांडणंही झाली, तेही सांगायला हवं. एक तरुण गिऱ्हाईक रात्री मशीन घरी नेऊन, स्वतः सीपीयू-झेड उतरवून, सकाळी दारात उभं. आवाज चढलेला. “तुमच्या कागदावर तीन पूर्णांक काहीतरी गिगाहर्ट्झ लिहिलंय आणि इथे आठशे मेगाहर्ट्झ दिसतंय!” मी त्याला खुर्चीवर बसवलं, मशीन लावलं. कोअर स्पीड खरंच ८०० च्या आसपास, मल्टिप्लायर ८, बस १००. त्याला म्हटलं, आता ही खिडकी अशीच ठेव आणि बाजूला एखादी मोठी फाइल झिप करायला लाव. त्याने लावली. मल्टिप्लायर टुणकन वर गेला, त्याच्यामागे वेगही. काम संपलं तसा आकडा पुन्हा आठशेवर उतरला. काम नसताना प्रोसेसर वीज वाचवायला वेग उतरवतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. चूक त्याची नव्हती. कागदावर आम्ही वेग कोणत्या स्थितीतला हे लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून दोन आकडे लिहितो: निवांत असतानाचा आणि कामात असतानाचा. रॅमचंही तसंच. ३२०० च्या डीडीआर-फोर रॅमचा वेग तिथे १६०० दिसतो, कारण एका ठोक्याला दोनदा माहिती जाते. त्याचीही एक ओळ कागदाच्या तळाशी छापून टाकली आहे.

एक चूक मात्र सर्वस्वी माझी. एका ऑफिसच्या डेस्कटॉपांचे प्रोसेसर बदलायचे होते. सॉकेट ११५१ पिनांचं, नवे प्रोसेसरही ११५१ चेच, म्हणून मी ऑर्डर देऊन मोकळी झाले. बोर्ड होते १०० मालिकेच्या चिपसेटचे (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी मदरबोर्डवरची चिप) आणि प्रोसेसर आठव्या पिढीचे. पिनांची संख्या तीच असली तरी आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. एकही मशीन सुरू झालं नाही. चिपसेटचं नाव सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड पानावर होतं, आणि त्या बोर्डांच्या फाइली माझ्याकडे आधीपासून होत्या. मी त्या उघडल्या नव्हत्या. प्रोसेसर परत करण्यात आमचा तोटा झाला आणि ऑफिसचं काम आठवडाभर रखडलं. त्यांनी समजून घेतलं, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका लॅपटॉपच्या लॉटने. सारखेच दिसणारे नग, बायोसमध्ये नाव ‘रायझन ५ ७४३०यू’, विंडोजच्या सिस्टिम माहितीतही तेच, सीपीयू-झेडच्या स्पेसिफिकेशनच्या ओळीतही तेच. सहा कोअर, बारा थ्रेड, तेही जुळत होतं. आमच्याकडची मुलगी कागद भरताना थांबली आणि म्हणाली, “मॅडम, एल-थ्री सोळा एमबी यायला पाहिजे ना? इथे चार-चारचे दोन दिसतायत.” मी उठून तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. एल-थ्री, म्हणजे तिसऱ्या पातळीचा कॅशे, एकूण ८ एमबी. एक्स्टेंडेड फॅमिली, म्हणजे फॅमिलीचा पूर्ण आकडा, १७. ७४३०यू हा एएमडीच्या झेन थ्री या रचनेचा, त्याची एक्स्टेंडेड फॅमिली १९ यायला हवी. १७ म्हणजे झेन टू. आकडे सगळेच्या सगळे ५५००यू या जुन्या प्रोसेसरशी जुळत होते.

हे होऊ शकतं, कारण एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ते लांबलचक नाव मशीन चालू होताना बायोस लिहून ठेवतो. सॉफ्टवेअर ते नाव जसंच्या तसं वाचून दाखवतं. म्हणजे नावाची ओळ ही एका अर्थाने चिपच्या आत चिकटवलेलं स्टिकरच. फॅमिलीचा आकडा आणि कॅशेची रचना मात्र सिलिकॉनची. आम्ही दोन नगांचे अहवाल छापले, संशयाच्या ओळींखाली रेघ मारली आणि पुरवठादाराला सगळा लॉट परत केला. त्याने तो का-कू न करता घेतला. त्यालाही पुढून तसाच आला होता की काय, ते आम्ही विचारलं नाही. त्या मुलीला मात्र त्या महिन्यापासून खरेदीच्या तपासणीचं पूर्ण काम दिलं. आज आमच्याकडे तिचा शब्द शेवटचा असतो.

हे सॉफ्टवेअर उतरवताना काळजी घ्या, एवढं कळकळीने सांगते. नावाजलेल्या उपयोगी प्रोग्रॅमच्या नकली प्रती जाहिरातींमधून पसरवल्या जातात आणि त्यांच्याबरोबर पासवर्ड चोरणारं काहीतरी आत येतं. प्रोसेसरचे काही आकडे वाचायला ड्रायव्हर लागतो, म्हणून हा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतो. ती परवानगी नकली प्रतीला दिली तर नंतर हात चोळत बसावं लागतं. निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावं. काही ऑफिसांत बाहेरचं काहीच चालवू देत नाहीत, ते योग्यच आहे. तिथे भाऊ पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करतो आणि ‘एलएससीपीयू’ ही एक आज्ञा देतो. फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग तिथेही मिळतं, फक्त सीपीयू-झेडच्या षोडशमान आकड्यांऐवजी (सोळाच्या पायावरचे, त्यात दहाला ए लिहितात) साध्या दशमान आकड्यांत, म्हणजे १७ च्या जागी २३.

विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्याच्या आधीपासूनच आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन रांग लागली होती: आमच्यावर ११ चालेल का? त्यात एका संस्थेचे दोन लॅपटॉप आले. एक प्रमुखांचा, आय-सेव्हन ७५००यू. दुसरा त्यांच्या कारकुनाचा, आय-फाइव्ह ८२५०यू. प्रमुखांना वाटत होतं की आपला मोठा, तेव्हा आपला तर नक्कीच चालेल.

दोन्ही शेजारी ठेवून दोन्हींवर सीपीयू-झेड उघडलं. फॅमिली ६ आणि ६. एक्स्टेंडेड मॉडेल ८ई आणि ८ई. स्टेपिंग एकाचं ९, दुसऱ्याचं ए. एवढ्या एका अक्षराचा फरक. खाली कोअरच्या चौकटीत आय-सेव्हनचे २ आणि आय-फाइव्हचे ४. सातव्या पिढीचा तो आय-सेव्हन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत नाही, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे. प्रमुख चष्मा सावरून दोन्ही पडदे आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी दोन्ही कागद मागून घेतले, कारकुनाचा लॅपटॉप आधी ११ वर न्यायला सांगितला आणि स्वतःच्या लॅपटॉपवर काय-काय साठवलेलं आहे त्याची यादी करायला तिथेच बसले.