तुम्ही विचारलेत म्हणून: भीती नेमकी कोणाची होती?

1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित वळिवड्याच्या छावणीत राहून गेले, त्यामुळे आम्हा कोल्हापूरकरांमध्ये पोलंडचा विषय अधूनमधून निघतोच. (ते लोक सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आलेले होते, त्यांची कथा वेगळी.) मग दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनांपासून ज्यूंना लपवणाऱ्या पोलिश कुटुंबांकडे बोलणे वळते आणि कोणीतरी मला हमखास विचारते, "जर्मन सैनिक काही घरोघरी बसलेले नव्हते. मग एवढी भीती कोणाची होती?"

शिक्षा जर्मनांची होती, हे खरेच. 15 ऑक्टोबर 1941 च्या फर्मानाने व्याप्त पोलंडच्या मध्यभागात ज्यूंना जाणूनबुजून आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड ठरवला गेला, आणि प्रत्यक्षात अनेकदा सगळे घरच मारले जाई. पण लपवलेले माणूस जर्मनांच्या नजरेस पडण्याआधी शेजाऱ्याच्या नजरेस पडत असे. पाच जणांच्या घरात बारा जणांचे पीठ का लागते, दोरीवर वाळत घातलेला सदरा कोणाचा, काळोख पडल्यावर बादली रिकामी करायला कोण बाहेर येते, हे परक्या सैनिकाला कळत नाही; पलीकडच्या घरातल्या बाईला मात्र दोन दिवसांत कळते. ती गप्प राहील की नाही, यावर सगळे अवलंबून असे.

पोलंडच्या ईशान्य भागातल्या येडवाब्ने गावाजवळच्या यान्चेव्को या खेड्यातल्या अँटोनिना आणि अलेक्सांडर विझिकोव्स्की या शेतकरी जोडप्याला हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. 10 जुलै 1941 रोजी येडवाब्नेतल्या ज्यूंना एका कोठारात कोंडून जाळण्यात आले. किमान 340 माणसे मेली. चिथावणी जर्मनांची होती, पण प्रत्यक्ष हात त्याच गावच्या पोलिश शेजाऱ्यांचे होते. तरीही 1942 च्या अखेरीपासून जानेवारी 1945 पर्यंत या जोडप्याने सात ज्यूंना आपल्या गोठ्याखाली खणलेल्या खड्ड्यांत लपवले. वर जनावरे, खाली माणसे. झडतीच्या कुत्र्यांना माणसांचा वास लागू नये म्हणून आजूबाजूला इंधन शिंपडलेले असे. दोन वर्षांहून अधिक काळ रोजचे अन्न खाली पोहोचवायचे आणि रोजची घाण वर काढायची, तीही गुरांच्या नेहमीच्या कामाच्या आडून. याला धैर्य म्हणण्यापेक्षा मला संसारच म्हणावेसे वाटते, एका वाढीव आणि अदृश्य कुटुंबाचा संसार.

पोलंडच्या आग्नेय भागातल्या मार्कोवा गावी युझेफ आणि विक्टोरिया उल्मा यांच्या घरात आठ ज्यू होते. युझेफ फळबागा आणि मधमाश्या सांभाळणारा, छायाचित्रांचा नाद असलेला माणूस. त्याच्या बायबलमध्ये परक्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या गोष्टीपाशी "होय" असे लिहिलेले आढळले. चुगली करणारा, असे मानले जाते, जर्मनांच्या हाताखालच्या पोलिश पोलिसांपैकी एक होता आणि लपलेल्या कुटुंबाच्या मालमत्तेवर त्याचा डोळा होता. 24 मार्च 1944 च्या पहाटे जर्मन पोलिसांनी ते आठ जण, युझेफ, गरोदर विक्टोरिया आणि त्यांची सहा मुले यांना गोळ्या घातल्या. मात्र त्याच गावातल्या इतर काही घरांनी आपल्याकडच्या ज्यूंना त्यानंतरही बाहेर काढले नाही. शेजार म्हटला की हेही त्यात धरावे लागते.

यान्चेव्कोचे सातही जण वाचले. पण जर्मन निघून गेल्यावरही भीती संपली नव्हती: 1945 मध्ये, ज्यूंना लपवले म्हणून, काही पोलिश सशस्त्र माणसांनी अँटोनिनाला घरात शिरून बेदम मारले आणि त्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. 1976 मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारक संस्थेने पती-पत्नींचा सन्मान केला, तेव्हा तो गोठा आणि ते घर त्यांच्या मागे कधीचेच सुटले होते.